हँडल, सेल्फ आणि कुंभाराचं गाढव : गाडीतल्या विजेचा थोडा इतिहास



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सवयीने ‘कार्यकारणभाव’ असा भारदस्त शब्द उच्चारला. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग त्यांनी अदबीने विचारलं, ‘सर, उदाहरण काय घेणार?’ मी म्हटलं, ‘बंद पडलेली मोटार.’ ते म्हणाले, ‘मग तोच विषय ठेवू या.’ (हशा) म्हणून आज तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त मास्तर तुमच्यापुढे बॅटरी, तारा आणि टर्मिनल यांच्यावर बोलायला उभा आहे. मी मेकॅनिक नाही. पण एका चुकीच्या निदानाचा मी गुन्हेगार आहे. तो गुन्हा कसा झाला, हे कळावं म्हणून मी पुढे बरंच वाचलं, आणि त्या वाचनात मोटारीतल्या विजेचा इतिहास हाती लागला. आधी इतिहास सांगतो, गुन्ह्याकडे नंतर येतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे गाडी चालू करण्याला ‘सेल्फ मारणे’ म्हणतात. ‘सेल्फ गेला’, ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ काढून बघावा लागेल’ हे सगळं गॅरेजमध्ये रोज बोललं जातं. मी चाळीस वर्षं वर्गात ‘सेल्फ’ म्हणजे काय हे शिकवलं आणि विद्यार्थ्यांना ते कितपत कळलं याची मला खात्री नाही. गॅरेजमधल्या पोराला मात्र ‘सेल्फ’ नेमका कुठे असतो ते माहीत असतं. (हशा) हा शब्द मूळ ‘सेल्फ-स्टार्टर’चा तुकडा आहे. स्वतःहून सुरू होणारी गाडी, म्हणजे आधी ती स्वतःहून सुरू होत नव्हती. कुणीतरी दुसऱ्याने ती सुरू करून द्यावी लागे. त्या ‘दुसऱ्या’ची कहाणी आज कुणाला आठवत नाही.

कार्ल बेंझ यांची तीनचाकी गाडी 1886 ची. तिच्या मागच्या बाजूला एक मोठं आडवं चाक होतं, ते हाताने फिरवलं की इंजिन सुरू व्हायचं. या गाडीत वीज होती, पण एकाच कामापुरती. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायची, बस्स. ऑगस्ट 1888 मध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडून शॉर्ट होत होती, तिथे पायमोज्याची पट्टी गुंडाळली असं सांगतात. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच रस्त्यावरचा पहिला विजेचा दोष सापडला आणि दुरुस्तही झाला. लक्षात घ्या, बॅटरी बदलून नाही, तारेकडे बघून. हे मी पुढे परत काढणार आहे.

पुढच्या काळात गाड्यांनी त्या सेल्सचीही कटकट नको म्हणून मॅग्नेटो घेतला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीपुरती वीज तयार करणारं यंत्र. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात 1902 मध्ये हाय व्होल्टेज मॅग्नेटो तयार झाला आणि तो जगभर पसरला. आता मॅग्नेटोच्या गाडीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळणारे. हॉर्न रबरी फुगा दाबून वाजवायचा. इंजिन समोरून हँडल मारून सुरू करायचं. अशा गाडीत बॅटरी नसली तरी चालायचं. ‘गाडीचं लाइट गेलं म्हणून गाडी सुरू होईना’ हे वाक्य 1908 साली कुणाला बोलताच आलं नसतं. दोष संभवण्यासाठीसुद्धा आधी एक व्यवस्था लागते.

हँडलचा जमाना आपण हल्ली फार कौतुकाने आठवतो. माझ्या पिढीतल्या काहींनी जीपला, ॲम्बॅसेडरला, जुन्या फियाटला हँडल मारलेलं आहे. पण त्या इंजिनांची सुरुवातीची भावंडं वेगळीच होती. ठिणगीची वेळ आधी हाताने मागे घ्यावी लागे. विसरलात, तर पिस्टन वर येण्याआधीच स्फोट व्हायचा आणि हँडल उलटं फिरायचं. मनगट मोडणं, हात मोडणं, जबड्यावर बसणं, हे सगळं व्हायचं. म्हणून अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असा दंडक होता. मला माझ्या मामांनी तो शिकवला, का ते सांगितलं नाही. का ते मला पन्नास वर्षांनी पुस्तकात कळलं.

आता गोष्ट अमेरिकेत जाते. ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला हाताने दांडा फिरवावा लागे, तिथे त्याने छोटी विजेची मोटर बसवली. नंतर सहकारी एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली, तीच पुढे ‘डेल्को’ म्हणून ओळखली गेली. विजेवर इंजिन सुरू करायची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. क्लाइड कोलमन नावाच्या माणसाला 1903 मध्येच तसं पेटंट मिळालेलं होतं. कुणी दाबलेली हवा वापरून पाहिली, कुणी स्प्रिंग. विजेच्या बाजूने अडचण अशी की इंजिन फिरवण्याइतकी ताकदीची मोटर बनवली तर तीच इंजिनाएवढी होणार आणि तिला लागणारी बॅटरी त्याहून मोठी, असं जाणकार म्हणत.

केटरिंगच्या हाती गल्ल्याचा अनुभव होता. त्या मोटरला दिवसभर चालायचं नसतं, क्षणभर जोर लावायचा असतो. क्षणभरच चालायचं असेल तर छोट्या मोटरमधून तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह सोडता येतो. ती तापायच्या आत काम संपतं. सेल्फ मारताना किल्ली धरून ठेवू नका, मध्ये विश्रांती द्या, असं आजही सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. सेल्फची मोटर मुळातच उधारीवर जगते.

1911 मध्ये ही रचना कॅडिलॅक गाडीवर बसली आणि 1912 च्या मॉडेलमध्ये ती विकायला आली. एकच यंत्र आधी इंजिन फिरवायचं आणि इंजिन चालू झाल्यावर डायनॅमो होऊन बॅटरी भरायचं. ठिणगी, दिवे, सेल्फ सगळं एका बॅटरीभोवती बांधलं गेलं.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी सेल्फचा ध्यास का घेतला, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे त्यांचे मित्र होते. डेट्रॉइटच्या बेल आइलजवळ एका बाईंची गाडी बंद पडली. कार्टर मदतीला उतरले, हँडल उलटलं, जबडा मोडला आणि त्यातच पुढे ते गेले. लेलँड हळहळले, आणि माणसं मारणारं हँडल घालवायचंच असं त्यांनी ठरवलं. गोष्ट हृदयस्पर्शी आहे आणि शंभर वर्षं पुस्तकांतून छापली जाते आहे. पण तारखा जुळत नाहीत. गोष्ट सहसा 1910 च्या हिवाळ्यात घातली जाते, आणि कार्टर 1908 मध्येच वारलेले होते. म्हणजे लेलँड यांना हँडलची चीड नव्हती असं नाही, अपघात तर रोज घडत होते. पण एका मोठ्या बदलाला आपल्याला एकच, ठसठशीत, रडवणारं कारण हवं असतं. रोजची शेकडो मोडलेली मनगटं आपल्याला कारण म्हणून पुरत नाहीत. इतिहासात आपण अशी बॅटरी बदलतो. हे वाक्य आत्ता कोड्यात टाकणारं वाटेल, थोडं थांबा.

सेल्फने आणखी एक काम केलं, तेही उलटं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या गाड्यांना चांगली मागणी होती. आवाज नाही, वास नाही, हँडल नाही. शहरातल्या स्त्रिया त्या आवडीने चालवत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवायच्या, कारण नवऱ्याच्या मॉडेल टीला हँडल मारावं लागे. (हशा) फोर्डने सेल्फ दिला तो 1919 पासून. पेट्रोलच्या गाडीत एक छोटी विजेची मोटर बसली आणि विजेच्या गाडीचं बाजारातलं मोठं आकर्षण गेलं. इतर कारणंही होती, पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते लांबचे झाले. तरी ही थट्टा विसरण्यासारखी नाही : विजेच्या गाडीला हरवायला पेट्रोलच्या गाडीने वीजच वापरली.

त्यानंतरची पन्नास वर्षं मी भरभर उरकतो. बॅटरी होती ती शिसं आणि आम्लाचीच, गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये केलेल्या घटाची वंशज, आणि बहुतेक गाड्यांत आजही तीच आहे. सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट आले. डायनॅमो होता, त्याची खोड अशी की इंजिन मंद चालत असताना तो जवळपास काहीच वीज देत नसे. सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडत, ॲक्सिलरेटर दाबला की पांढरे होत. ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे हे आत्ता आलं असेल. मग सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि त्यामुळे अल्टरनेटर शक्य झाला. क्रायस्लर कंपनीने 1960 च्या व्हॅलियंट गाडीत तो आणला. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या हाती आधुनिक वायरिंगची छोटी गाडी आली ती डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 च्या रूपाने.

या बदलात एक गोष्ट हातून निसटली. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यामुळे बॅटरी नसतानाही तो फिरता फिरता जागा होऊ शकतो. अल्टरनेटरला सहसा जागं करायलाच बॅटरीची थोडी वीज लागते. त्यात आता इंधनाचा पंप विजेचा, इंजेक्शन विजेचं, त्याला हुकूम देणारा संगणक विजेचा. म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली आजची गाडी चार जणांनी कितीही ढकलली तरी सुरू होईलच असं नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरची असेल तर ढकलून उपयोगच नाही. ‘पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या’ असं म्हणणाऱ्यांना मी मोडलेल्या मनगटांची आठवण करून देतो. पण पूर्वी वीज गेली तरी गाडीला दुसरा दरवाजा होता आणि आता तो बुजवला आहे, हे खरंच आहे.

आता माझा गुन्हा.

2011 चा डिसेंबर. आमच्या पार्किंगमध्ये सकाळी गाडीत बसलो, किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज आला आणि सगळं गेलं. डॅशबोर्डचे दिवे, घड्याळ, हॉर्न, काही नाही. जवळच्या एका गॅरेजमधून मुलगा आला. त्याने मीटर लावला, साडेबाराच्या आसपास व्होल्ट दाखवले. तो म्हणाला, ‘सर, बॅटरी चार वर्षांची आहे ना? मग गेलीच म्हणायची.’ मी विचारलं, ‘मीटर तर चांगलं दाखवतोय?’ तो म्हणाला, ‘दाखवतात ओ, आतून गेलेली असते.’ हे उत्तर मला पटलं. आतून गेलेली असणं हा तत्त्वज्ञानाच्या माणसाला पटणारच प्रकार. (हशा) नवी बॅटरी बसवली, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्याला सुरू. जुनी बॅटरी तो भंगारात घेऊन गेला. माझी खात्री पटली : बॅटरी बदलली, गाडी सुरू झाली, म्हणजे दोष बॅटरीत होता.

पंधरा दिवसांनी मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, साताऱ्याहून पुण्याला घेऊन येत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिचं ऑपरेशन ठरलेलं. रात्री साडेआठच्या सुमाराला शिरवळला चहाला थांबलो. परत येऊन किल्ली फिरवली. टक्. काळोख. मागच्या सीटवरून आक्का म्हणाली, ‘अरे, परवाच नवी बॅटरी टाकली म्हणालास ना?’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी फोन करायला लागलो. कुणी उचलेना.

शेजारी एक ट्रक उभा होता. त्याचा चालक, तिशीचा असेल, खाली उतरून आला. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मला दोन प्रश्न विचारले. पहिला : ‘काका, हळूहळू गेली का एकदम?’ मी म्हटलं, ‘एकदम. दहा मिनिटांपूर्वी हेडलाइट चांगले होते.’ दुसरा : ‘एवढ्यात काय काम केलं होतं?’ मी म्हटलं, ‘नवी बॅटरी.’ तो हसला. म्हणाला, ‘मग बॅटरीला नका हात लावू. अर्थ बघू.’

मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात तेव्हा बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत आणि इंजिनापर्यंत जाणारी तार त्यांच्या मनात असते. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. जायला तार आणि परत यायला गाडीचा सगळा पत्रा. सगळं जाणं वेगवेगळ्या वाटांनी, पण सगळं परतणं त्या एका जाड काळ्या तारेतून. ती तुटली की गाडीतल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ एकदम जातो. मी हे चहाच्या टपरीवर ऐकलं तेव्हा मला शब्दाची मौज वाटायला हवी होती. त्या रात्री वाटली नाही.

त्याने मला हेडलाइटचं बटण चालू ठेवायला सांगितलं आणि ती काळी तार टर्मिनलजवळ धरून हलवली. दिवे क्षणभर लागले, गेले, लागले. मग आपल्या ट्रकमधून जंपर केबल आणली. तिचं एक टोक माझ्या बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर धरलं आणि दुसरं इंजिनाच्या लोखंडी हुकाला. फक्त एवढंच, दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. म्हणाला, ‘मारा सेल्फ.’ गाडी सुरू झाली. मग त्याने जाड तारेचा एक जुना तुकडा मायनसपासून इंजिनाच्या बोल्टपर्यंत पक्का आवळून दिला आणि ‘उद्या नवी टाकून घ्या’ असं सांगून तो गेला. पैसे घेतले नाहीत. आक्काचं ऑपरेशन वेळेवर झालं. नवी तार अडीचशे रुपयांच्या आत आली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती आक्काच्या काळजीने नव्हे. मला कळेना की मग नवी बॅटरी बसवल्यावर गाडी पंधरा दिवस चालली कशी?

उत्तर साधं निघालं. बॅटरी बदलताना त्या मुलाने मायनसचा क्लँप काढला, तार वाकवली, नवा खुंट आला, क्लँप परत आवळला. तारेच्या आत कुजलेल्या धाग्यांतले काही त्या हलवण्याने पुन्हा एकमेकांना टेकले. म्हणजे त्याने एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, एक बॅटरी आणि एक नकळत हललेली तार. श्रेय बॅटरीला मिळालं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेकाची रीत मांडली आहे. दोन प्रसंग असे हवेत की बाकी सगळं सारखं आणि फरक एकाच गोष्टीचा. तेव्हाच त्या गोष्टीला कारण म्हणता येईल. हे मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. शिरवळचा तो चालक ते करत होता : बॅटरी तीच, सेल्फ तोच, किल्ली तीच, फक्त वाट बदलली.

आपल्या न्यायदर्शनात याच्याही पुढची सावधगिरी आहे. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हवेत हे तर आहेच. पण कार्याच्या आधी हजर असलेल्या, तरी कारण नसलेल्या गोष्टींना त्यांनी वेगळं नाव दिलं, अन्यथासिद्ध. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे कुंभाराचं गाढव. मडकं होण्याच्या आधी गाढव माती घेऊन आलं होतं. ते तिथे उभंही होतं. म्हणून ते मडक्याचं कारण होत नाही. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. माझी नवी बॅटरी म्हणजे हे गाढव. गाडी सुरू होण्याच्या आधी ती आली, समोर उभी राहिली आणि मी तिला हार घातला. आणि त्या जुन्या, निर्दोष बॅटरीला भंगारात पाठवलं. तुम्ही हसाल, पण मला तिचं वाईट वाटतं. (हशा)

आता तो मीटर. त्या मुलाचा मीटर खोटं बोलत नव्हता. घरातल्या नळाचं उदाहरण घ्या. पाइप आतून गंजून निम्मा बुजलेला आहे, पण सगळे नळ बंद आहेत. अशा वेळी दाब मोजला तर तो पूर्णच दिसेल. नळ उघडा, मग धार करंगळीएवढी. वीज तशीच. ओमचा नियम एवढंच सांगतो की अडथळ्यापाशी व्होल्ट किती गळणार हे त्यातून प्रवाह किती जातो यावर ठरतं. समजा, कुजलेल्या जोडाचा अडथळा 0.02 ओम आहे. दिव्यांना 5 अँपिअर लागतात, गळती 0.1 व्होल्ट, डोळ्याला कळणारही नाही. सेल्फला 150 अँपिअर लागतात असं धरा, गळती 3 व्होल्ट. सेल्फ कण्हेल. अडथळा आणखी वाढला की सेल्फने मागणी करताच सगळा दाब तिथेच संपतो. उरलेले चार धागे तापून सुटतात आणि दिवेही जातात. ‘टक्’ आणि काळोख, त्याचा अर्थ हा. किल्ली न फिरवता मोजलेले साडेबारा व्होल्ट याबद्दल काही सांगूच शकत नाहीत.

म्हणून मोजायचं ते गाडी कष्ट करत असताना. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर, क्लँपवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर, आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती तार किंवा तिचे जोड दोषी. तसंच प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत. आणि बॅटरीच्या दोन खुंटांवर सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली आकडा गेला तर मात्र बॅटरीकडे बोट दाखवायला हरकत नाही. मीटर नसेल तर दिवे लावून सेल्फ मारा आणि दिव्यांकडे बघा. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. तिथे इंजिन आणि पत्रा यांच्यामधली पट्टीही बघा. दिवे मंद होत गेले, तर बॅटरी रिकामी असण्याची शक्यता मोठी. दिवे फट्कन गेले, तर आधी बॅटरीचे दोन क्लँप.

त्या चालकाचा पहिला प्रश्न आता तुम्हाला कळला असेल. हळूहळू का एकदम? साठवण हळूहळू संपते, जोड एकदम सुटतो. बॅटरी मरायच्या आधी सहसा खोकते, सकाळी सेल्फ जड येतो, हॉर्न बसका येतो. क्वचित आतला घट एकदम तुटतो, नाही असं नाही. पण एकदम गेलेल्या विजेत पहिला संशय जोडावर घ्यावा. उलट 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांमध्ये गाड्या ओळीने मेल्या, ती हळूहळूची गोष्ट. अलार्म आणि संगणक मिळून समजा 50 मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर झाले. 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी. तिथे तार शोधत बसू नये, बॅटरी भरून घ्यावी.

एक धोक्याची सूचना, ती टाळून मी खाली उतरणार नाही. शिसं-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणून दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना आधी प्लसला प्लस जोडा, मग चांगल्या गाडीच्या मायनसची तार बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीवर पडू नये. शिरवळच्या त्या चालकाने माझ्या बॅटरीच्या मायनसला केबल आधी धरली आणि इंजिनाचं टोक नंतर लावलं. तेव्हा मला वाटलं, सहज केलं असेल.

दुसऱ्या दिवशी काढलेली ती जुनी तार मी फेकली नाही. बाहेरून तिचं काळं वेष्टण अगदी नवं दिसत होतं. ब्लेडने उभी चिरली तेव्हा आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी होती आणि मोजून सहा-सात धागे शाबूत. ती इथे टेबलावर ठेवली आहे. जाताना हातात घेऊन बघा, फक्त नंतर हात धुवा.